अणुऊर्जेबद्दल विचारायचे कोणाला?

तंजावूरच्या राजवाड्याच्या आसपास, कीळ वीथीपासून मेल वीथीपर्यंत जी मराठी घरे आहेत, त्यांत अणुऊर्जेचा विषय बहुधा दोनच निमित्तांनी निघतो. एक तर कोणाच्या तरी मोबाइलवर ‘कल्पक्कमला गळती झाली आहे, पाऊस अंगावर घेऊ नका’ असा निरोप येऊन पडतो. नाहीतर घरातले कोणी तिरुचिरापल्लीला इंजिनिअरिंग करत असते आणि या क्षेत्रात शिरकाव कसा करावा, कोणत्या संस्थेचे सभासद व्हावे, हे त्याला जाणून घ्यायचे असते. दोन्ही वेळी आपली अडचण एकच असते. खात्रीचे सांगणारे माणूस ओळखीचे नसते.

खरे तर आपण दोन अणुवीज केंद्रांच्या मध्ये राहतो. उत्तरेला चेन्नईच्या खाली समुद्रकाठी कल्पक्कम, दक्षिणेला तिरुनेलवेली जिल्ह्यात कुडनकुलम. त्यांच्याविषयी माहिती मिळवायला विज्ञानाची पदवी लागत नाही. थोडा क्रम पाळावा लागतो आणि घाई सोडावी लागते. तो क्रम इथे एकेक पायरीने पाहू.

पहिली पायरी म्हणजे आपला प्रश्न कागदावर उतरवणे. ‘कल्पक्कम धोक्याचे आहे का?’ या प्रश्नाला कोणीही हो किंवा नाही म्हणू शकतो आणि दोन्ही उत्तरे निरुपयोगी ठरतात. ‘कल्पक्कमच्या आसपासच्या हवेत आणि पाण्यात किरणोत्सार किती मोजला जातो, तो कोण मोजते?’ असे विचारले तर उत्तर शोधता येते. किरणोत्सार म्हणजे अस्थिर अणूंमधून बाहेर पडणारी अदृश्य ऊर्जा. ती मोजता येते, म्हणून तिच्याबद्दल आकडा मागता येतो.

प्रश्न मोघम ठेवला की काय होते, याचे उदाहरण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सापडते. ‘त्या दिवशी कल्पक्कमला काय झाले?’ असे विचाराल तर दोन अगदी वेगळी उत्तरे मिळतील आणि दोन्ही खरी असतील. वीज केंद्राच्या पंपघरात समुद्राचे पाणी शिरले, चालू असलेली भट्टी व्यवस्थित बंद केली गेली, किरणोत्सारामुळे हानी झाली नाही. त्याच वेळी शेजारच्या कर्मचारी वसाहतीत लाटेने माणसे नेली. एक जण भट्टीबद्दल बोलत असतो, दुसरा वसाहतीबद्दल, आणि दोघे एकमेकांना खोटे ठरवत बसतात.

दुसरी पायरी, नेमकी जागा ओळखणे. आपण नुसते ‘कल्पक्कम’ म्हणतो, पण त्या एका नावाखाली बरेच काही नांदते. मद्रास अणुवीज केंद्र हे वीज बनवणारे केंद्र. त्याच्या दोन भट्ट्या प्रत्येकी २२० मेगावॉटच्या, १९८४ आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या. इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र ही संशोधन संस्था, १९७१ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेली. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना निराळा. आणि ‘भाविनी’ या सरकारी कंपनीची ५०० मेगावॉटची द्रुत प्रजनक अणुभट्टी आणखी निराळी. द्रुत प्रजनक म्हणजे जितके इंधन जळते त्याहून जास्त नवे इंधन तयार करू शकणारी भट्टी.

बातमीत यांतले कोणते ठिकाण आहे, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. संशोधन केंद्रातल्या एखाद्या प्रयोगशाळेतली किरकोळ घटना ‘अणुभट्टीत स्फोट’ होऊन आपल्यापर्यंत पोचते, ती बहुतेक वेळा याच गोंधळामुळे. थेनी जिल्ह्यातल्या बोडीच्या डोंगरात न्यूट्रिनो वेधशाळेचा प्रस्ताव आला, तेव्हाही कित्येकांनी तिला अणुभट्टीच समजून घेतले. न्यूट्रिनो हे आकाशातून सतत आपल्या अंगातून आरपार जाणारे सूक्ष्म कण. ते टिपणारे उपकरण डोंगराखाली बसवायचे होते, तिथे वीजही बनणार नव्हती आणि इंधनही नव्हते. डोंगर फोडण्याला विरोध असू शकतो, तो वेगळा मुद्दा. भट्टी म्हणून विरोध केला तर तो चुकीच्या पत्त्यावर जातो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबू. माहिती देणारा कोण आहे आणि त्याचे काम काय, हे समजून घ्यायचे.

भारतात अणुऊर्जा विभाग ऑगस्ट १९५४ मध्ये स्थापन झाला. तो थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतो आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. त्याच्या छत्राखाली ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९८७ मध्ये सुरू झालेले न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयएल, तारापूर, कल्पक्कम, कुडनकुलम ही वीज केंद्रे चालवते. अणुऊर्जेच्या वापरावर सुरक्षिततेच्या दृष्टीने नजर ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ नेमले गेले. त्याला सगळे एईआरबी म्हणतात.

चालवणारा आणि तपासणारा यांत गल्लत करू नका. गाडी कशी चालते हे ड्रायव्हर सांगेल, पण ती रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे का, हे आरटीओला विचारायचे. एनपीसीआयएलकडे वीज किती बनली, कोणती भट्टी देखभालीसाठी बंद आहे, कोणते बांधकाम कुठवर आले, ही माहिती पहिल्या हाताची असते. सुरक्षिततेबद्दलचे त्यांचे म्हणणे ऐकावे, पण त्यावर एईआरबीचा कागद काय म्हणतो तेही पाहावे.

आता एईआरबी तरी किती स्वतंत्र, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो योग्यच आहे. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे सरकारी हिशेब आणि कामकाज तपासणाऱ्या घटनात्मक अधिकाऱ्याने, २०१२ च्या अहवालात हाच प्रश्न मांडला होता. तो अहवाल सार्वजनिक आहे. इंग्रजी जमत असेल तर जरूर वाचा. शब्द कोरडे आहेत, पण मजकूर धक्का देणारा आहे.

त्या अहवालातली एक गोष्ट मला कुडनकुलमच्या साऱ्या वादांपेक्षा जास्त जवळची वाटते. देशभरातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी त्या वेळी एईआरबीकडे फक्त ५,२७० नोंदलेली होती. म्हणजे ज्याची भीती वाटते ती भट्टी शेकडो किलोमीटरवर, आणि नोंद नसलेले यंत्र कदाचित आपल्याच गल्लीतल्या स्कॅन सेंटरमध्ये. त्यानंतर एईआरबीने ई-लोरा नावाची ऑनलाइन परवाना व्यवस्था उभी केली. आज एक्स-रे किंवा सीटी काढायला गेल्यावर ‘एईआरबीचा परवाना दाखवता का?’ असे विचारण्यात काही गैर नाही. आपल्याकडे अशा प्रश्नाला उद्धटपणा समजतात, म्हणून तो कोणी विचारत नाही.

चौथी पायरी, तारीख. निरोप, चित्रफीत, अगदी वर्तमानपत्राचे कात्रणसुद्धा कधीचे आहे ते आधी पाहा. कर्नाटकातल्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळल्याचे उघडकीला आले होते. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार. घटना खरी आहे. पण ती आजची म्हणून फिरवली तर तीच खरी बातमी अफवा होते.

अशी पडताळणी आपल्या राजवाड्यात कोणाला नवी वाटू नये. सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी महाराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, युरोपातून मागवलेले ग्रंथ आजही आहेत आणि त्यांवर त्यांची इंग्रजीतली सही आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात वैद्यांनी प्रत्यक्ष गुण पाहिलेली औषधेच निवडून तमिळ पद्यात नोंदवली. ‘कोणी पाहिले, कोणी लिहिले’ हे विचारायची सवय या आवाराला दोनशे वर्षांची आहे. अणुऊर्जेसाठी मात्र सरस्वती महालात जाऊ नका. ते हस्तलिखितांचे ग्रंथालय आहे, तिथले कर्मचारी आपल्याला मोडीचे रुमाल दाखवतील, अणुभट्टीचा आराखडा नाही. तमिळ वाचता येत असेल तर तमिळ विद्यापीठाने काढलेला विज्ञान ज्ञानकोश पाहावा. मराठीतून संकल्पना समजून घ्यायच्या असतील तर मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो. विखंडन, साखळी अभिक्रिया, जड पाणी या नोंदी तिथे चांगल्या आहेत. आकडे मात्र तिथून उचलू नका, नोंदी जुन्या असू शकतात. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेचे नियतकालिक आणि व्याख्याने हाही एक चांगला मार्ग आहे.

पाचवी पायरी, एकच बातमी दोन-तीन ठिकाणी लावून पाहणे. कुडनकुलमचे २०१९ चे प्रकरण यासाठी फार शिकवणारे आहे.

त्या ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्राच्या संगणकांत घातक सॉफ्टवेअर शिरल्याची चर्चा सुरू झाली. २९ तारखेला केंद्रातर्फे पत्रक निघाले. भट्टीच्या नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला होणे शक्य नाही, कारण ती बाहेरच्या जाळ्याशी जोडलेलीच नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी एनपीसीआयएलच्या मुख्यालयाने वेगळे पत्रक काढले. घातक सॉफ्टवेअर सापडल्याची गोष्ट खरी आहे, ४ सप्टेंबरलाच देशाच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने तसे कळवले होते, बाधित संगणक कार्यालयीन कामाच्या आणि इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातला होता, भट्टीच्या यंत्रणेला काही झालेले नाही, असे त्यात होते.

दोन्ही पत्रके पुन्हा सावकाश वाचा. पहिल्यात खोटे वाक्य दाखवता येणार नाही. ते नियंत्रण यंत्रणेबद्दल बोलत होते, लोक संगणकाबद्दल विचारत होते. सरकारी पत्रक वाचताना ते कशाबद्दल नाही म्हणत आहे आणि कशाबद्दल गप्प आहे, हे दोन्ही पाहायचे असते. आणि ‘हॅकरांनी अणुभट्टी ताब्यात घेतली’ हे त्या दिवसांत फिरलेले वाक्य तर कोणत्याच पत्रकातून निघत नव्हते.

द्रुत प्रजनक भट्टीबद्दलही असेच झाले. मार्च २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या उपस्थितीत तिच्या गाभ्याची भरणी सुरू झाली, तेव्हा अनेकांनी ‘भट्टी सुरू झाली’ असेच ऐकले. प्रत्यक्षात इंधन भरून साखळी अभिक्रियेकडे पहिले पाऊल टाकायची परवानगी एईआरबीने त्यानंतर, जुलै २०२४ मध्ये दिली. या क्षेत्रात पायाभरणी, गाभा भरणे, क्रांतिकता म्हणजे साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहणे, ग्रिडला जोडणी आणि व्यापारी उत्पादन, असे टप्पे असतात. एकेका टप्प्यात महिने जातात, कधी वर्षे. मथळ्यात ‘सुरू’ हा शब्द दिसला की कोणता टप्पा ते शोधा.

सहावी पायरी आकड्यांची. इथे शिकलेली माणसेही हमखास घसरतात.

मेगावॉट दोन प्रकारचे असतात. कुडनकुलमची एक भट्टी विजेच्या हिशेबाने १,००० मेगावॉटची आहे, पण तिच्यात निर्माण होणारी उष्णता सुमारे ३,००० मेगावॉटची असते. उरलेली उष्णता समुद्राच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. एका लेखात एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा दिसला तर कोणीतरी खोटे बोलत आहे असे नाही. घरच्या बिलावरचे ‘युनिट’ ही आणखी वेगळी गोष्ट. हजार मेगावॉटची भट्टी पूर्ण जोराने एक तास चालली तर दहा लाख युनिट वीज होते.

देशाची एकूण अणुवीज क्षमता शोधाल तर २०२५ च्या मजकुरात कुठे ८,७८० मेगावॉट दिसेल, कुठे ८,८८०. फरक शंभराचा. राजस्थानातली १०० मेगावॉटची पहिली भट्टी २००४ पासून बंद आहे. कोणी तिला धरतात, कोणी सोडतात. अशी तफावत दिसली की लगेच संशय घेऊ नका, आधी तळटीप शोधा.

किरणोत्साराच्या मात्रेचे एकक आहे सिव्हर्ट. ते फार मोठे असल्यामुळे व्यवहारात मिलिसिव्हर्ट म्हणजे त्याचा हजारावा भाग, आणि मायक्रोसिव्हर्ट म्हणजे दशलक्षावा भाग वापरतात. निरोपात मिलि आणि मायक्रो यांची अदलाबदल झाली की धोका एका फटक्यात हजारपट होतो. निम्म्या अफवा इथेच जन्मतात असे मला वाटते.

मनाशी तीन-चार आकडे धरून ठेवा. जमीन, आकाश, अन्न यांतून जगभरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक मात्रा मिळते. अणुकेंद्रांसारख्या उद्योगामुळे सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या जादा मात्रेची वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट ठेवलेली आहे. तिथल्या कामगारांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आहे. छातीच्या साध्या एक्स-रेत याच्या मानाने अगदी थोडी मात्रा असते, मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ती काही मिलिसिव्हर्टपर्यंत जाते.

कन्याकुमारी जिल्ह्यात मणवाळकुरिच्चीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. त्यामुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सार मुळातच जास्त आहे. ‘किनाऱ्यावर किरणोत्सार वाढलेला आढळला’ एवढेच वाचून कुडनकुलमकडे बोट दाखवणे म्हणूनच घाईचे ठरते. आधी कुठला किनारा, मोजणी कोणी केली, आणि केंद्र सुरू होण्यापूर्वी तिथे किती होता, हे विचारा. शेवटचा प्रश्न विरोध करणाऱ्यांनाही विचारायचा आणि केंद्रवाल्यांनाही.

एखादी घटना घडली तर ती किती गंभीर, हे सांगणारी शून्य ते सात अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी १९९० पासून आहे. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या पातळीवर, अमेरिकेतले थ्री माइल आयलंड पाचव्या. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी लागलेली आग तिसऱ्या पातळीची होती. बातमीत पातळी दिलेली नसेल तर एईआरबीच्या वार्षिक अहवालात ती सापडते. मात्र तो अहवाल येईपर्यंत महिने लोटतात, त्याला इलाज नाही.

सातवी पायरी म्हणजे देशाबाहेरचा आरसा. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जगातल्या प्रत्येक वीजभट्टीची नोंदवही ठेवली आहे, तिला ‘प्रिस’ म्हणतात. कल्पक्कमची भट्टी कधी सुरू झाली, कोणत्या वर्षी किती वीज दिली, हे तिथे कोणालाही पाहता येते. याच संस्थेचा ‘इनिस’ हा संशोधन निबंधांचा प्रचंड साठा १९७० पासून वाढत आला आहे आणि तोही खुला आहे. आरोग्याच्या प्रश्नांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सार परिणाम समितीचे, म्हणजे अनस्किअरचे, अहवाल पाहावेत. ते कोणत्याही प्रकल्पाची जाहिरात करत नाहीत आणि विरोधही करत नाहीत.

लंडनची वर्ल्ड न्यूक्लिअर असोसिएशन देशोदेशींची सुबक माहिती देते. विद्यार्थी तिथूनच नोट्स काढतात. ती उद्योगाची संघटना आहे, हे मात्र मनात ठेवावे. उलट बाजूला ‘वर्ल्ड न्यूक्लिअर इंडस्ट्री स्टेटस रिपोर्ट’ हा वार्षिक अहवाल आहे, त्याचा सूर अणुऊर्जेबद्दल टीकेचा असतो. एकाच भट्टीचा खर्च आणि विलंब या दोन्हींत वाचून पाहा. तारखा बहुधा जुळतात, त्यांवरची मते जुळत नाहीत. जुळणारा भाग आपल्या कामाचा.

इतके करूनही उत्तर मिळाले नाही तर आठवी पायरी, सरकारलाच विचारायचे. लोकसभा आणि राज्यसभेत अणुऊर्जेवर नियमित प्रश्न विचारले जातात आणि त्यांची लेखी उत्तरे संसदेच्या संकेतस्थळांवर असतात. मला हा साठा फार आवडतो. उत्तर देणाऱ्या मंत्र्याला सभागृहात चुकीचे सांगणे परवडत नाही, त्यामुळे वाक्ये आखडती असली तरी आकडे सांभाळून दिलेले असतात.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर येणे अपेक्षित असते. या विषयात नकार मिळण्याची शक्यता जास्त, कारण देशाच्या सुरक्षेचे कारण पुढे करता येते. कुडनकुलमचे सुरक्षा विश्लेषण आणि जागेची पाहणी यांचे अहवाल खुले करावेत, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने २०१२ मध्ये दिला होता. ते प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. म्हणून अर्जात ‘सर्व अहवाल द्यावेत’ असे लिहू नका. अमुक वर्षी, अमुक गावी पिण्याच्या पाण्याची मोजणी किती वेळा झाली आणि मूल्ये काय आली, एवढेच मागा. लहान प्रश्नाला नकार देणे अवघड जाते.

कुडनकुलमबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ मे २०१३ चा निकालही वाचण्यासारखा आहे. न्यायालयाने केंद्र सुरू करायला वाट मोकळी केली, पण सोबत पंधरा निर्देश दिले. कुडनकुलमजवळच्या इडिंतकरै गावातल्या कोळ्यांचे आक्षेप काय होते आणि सरकारची उत्तरे काय होती, हे दोन्ही एकाच कागदात मिळायची दुसरी जागा क्वचितच असेल.

आता दुसऱ्या निमित्ताकडे वळू. घरातल्या विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला व्यावसायिक संघटना हवी असते. अशी संघटना म्हणजे एकाच क्षेत्रात काम करणाऱ्यांनी परिषदा, नियतकालिक आणि ओळखीपाळखीसाठी बांधलेली संस्था. ती नोकरी देत नाही. हे पहिल्यांदाच सांगितलेले बरे, कारण बहुतेकांची निराशा इथे होते.

सर्वांत व्यापक संघटना म्हणजे मुंबईची इंडियन न्यूक्लिअर सोसायटी. भट्ट्या, इंधन, धोरण असे सगळे तिच्या कक्षेत येते. किरणोत्सारापासून संरक्षण हा विषय असेल तर इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन आहे. तिचे ‘रेडिएशन प्रोटेक्शन अँड एन्व्हायर्नमेंट’ हे नियतकालिक सामान्य वाचकालाही उपयोगी पडते, कारण अणुकेंद्रांभोवतीच्या माती-पाण्याच्या मोजण्यांवरचे निबंध त्यात येतात. रुग्णालयात किरणोपचाराचा हिशेब सांभाळणाऱ्यांना वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणतात. त्यांची संघटना असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया. उद्योगात आणि शेतीत किरणोत्सारी द्रव्ये वापरणाऱ्यांसाठी ‘नारी’ या लघुनावाने ओळखली जाणारी संस्था आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधराने ‘आयांकास’ या संघटनेकडे पाहावे. महिलांसाठी वुमेन इन न्यूक्लिअर या जागतिक संघटनेची भारतीय शाखा आहे.

आपल्या भागातल्या मुलांना मी मात्र एक वेगळेच नाव आधी सुचवतो. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. वस्तू न तोडता तिच्यातला दोष शोधण्याचे हे शास्त्र. वेल्डिंगच्या सांध्यात आत तडा आहे का, हे गॅमा किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी पाहायचे. या संस्थेचे मुख्यालय चेन्नईत आहे, म्हणजे आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही. तिरुचिरापल्लीच्या भेलमध्ये अणुवीज केंद्रांसाठी बाष्पजनक, म्हणजे उष्णतेने पाण्याची वाफ करणारी अवाढव्य पात्रे, तयार झाली आहेत. अशा कामाला सांधे तपासणारी माणसे लागतात आणि त्यांना अणुभौतिकीतली पदवी लागत नाही. अणुऊर्जा म्हटले की सगळ्यांना शास्त्रज्ञच दिसतो, वेल्डर आणि तपासनीस कोणाला दिसत नाही.

वॅनो नावाची एक जागतिक संघटना वाचनात येईल. चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये अणुवीज केंद्रे चालवणाऱ्या कंपन्यांनी ती स्थापन केली. व्यक्तींना तिचे सभासद होता येत नाही आणि तिचे तपासणी अहवाल गोपनीय असतात. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

संघटना खरी की नावापुरती, हे कसे ओळखावे? नोंदणी क्रमांक, निवडून आलेले पदाधिकारी, नियमित निघणारे नियतकालिक आणि मागच्या परिषदेची निबंधसूची, इतके संकेतस्थळावर दिसायला हवे. मोठ्या नावांशी मिळतेजुळते नाव घेऊन ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ भरवणारे आणि निबंध न वाचताच स्वीकारणारे पुष्कळ आहेत. निबंध पाठवल्यावर दोन दिवसांत अभिनंदनाचे पत्र आणि शुल्काची मागणी आली, तर ते अभिनंदन आपल्या पैशांचे समजावे.

नोकरीच्या बाबतीत फसवणूक याहून जास्त. भाभा केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. पदवीधर अभियंते आणि विज्ञानाचे विद्यार्थी तिथे निवड परीक्षेने किंवा गेट परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीपर्यंत जातात. एनपीसीआयएलही अभियंत्यांची भरती गेटवरूनच करते. पदविकाधारक आणि आयटीआय झालेल्यांसाठी विद्यावेतन देणाऱ्या प्रशिक्षणार्थी जागा निघतात. वैद्यकीय भौतिकीसाठी भाभा केंद्राची किरणोत्सार भौतिकीतली पदविका आहे. या सगळ्यांच्या जाहिराती त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर येतात, आणि त्या मुख्य संकेतस्थळाचा पत्ता बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. साध्या जीमेलवरून आलेले नेमणूकपत्र, ‘अनामत रक्कम’ आणि ‘वैद्यकीय तपासणीचे पैसे आधी भरा’ हे शब्द दिसले की तिथेच थांबा.

सभासदत्वाचा अर्ज भरताना विद्यार्थी, सामान्य आणि आजीव असे प्रकार दिसतात. सुरुवातीला आजीव घेऊ नये. आधी एक परिषद किंवा ऑनलाइन व्याख्यान ऐकावे, मगच वर्गणी भरावी. काही संघटनांत अर्जावर विद्यमान सभासदाची शिफारस लागते. ओळख नसेल तर सचिवांना ईमेल पाठवा: आपण काय शिकत आहात, कोणत्या विषयात रस आहे, शिफारस कोणाकडून घ्यावी. तीन ओळी पुरतात. सोबत प्राध्यापकांचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवा. या संघटनांची कार्यालये बहुतेक वेळा नोकरी सांभाळून काम करणारी माणसे चालवतात, त्यामुळे उशीर म्हणजे नकार असे समजू नये.